समासातली नोंद

सर्व्हर आला तेर्सैरा बेटावरच्या बँकेतून,
त्यांनी टाकून दिलेला. चौदा वर्षांचा,
पंखा असा की कानाशी विमान सुरू व्हावं.
बोटीतून उतरवताना एद्मुंदु म्हणाला,
"याच्याहून माझी कालवड हलकी,
आणि ती पुढे दूध तरी देईल."

चीज कारखान्याच्या मागच्या खोलीत
मी झाकण उघडलं. धूळ,
आणि कंट्रोलरची बॅटरी
भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म.
ती काढली. म्हटलं, या कार्डावर विसंबायला नको,
आरसा आपणच धरू.

दोन डिस्क. मुद्दाम दोन दुकानांतून,
एक लिस्बनहून, एक पोंता देल्गादाहून.
एकाच घाण्यातल्या एकाच आठवड्यात मरतात,
हे मी एकदा पैसे मोजून शिकलेय.
एकीला लाल चिकटपट्टी, दुसरीला निळी.
मोठ्या घेतल्या असत्या, पण या म्हाताऱ्याला
दोन टेराबाइटपलीकडचं दिसत नाही.

दारात बेल्मिरू. एक्केचाळीस वर्षं दूध मोजलं,
आता निवृत्त, तरी साडेसहाला हजर.
"काय चाललंय, झुल्मीरा?"
एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटतं, मी म्हटलं,
एक गेली तरी कुणाचं दूध किती, ते राहतं.
"म्हणजे मी," तो म्हणाला.

ऐंशी साली जमीन हलली तेव्हा
कचेरीचं छप्पर खातेवहीवर बसलं,
वरून पाऊस. शाई वाहून गेली.
बेल्मिरूच्या घरी, पिठाच्या डब्यात, दुसरी वही होती.
रोज रात्री तो पहिली आठवून दुसरी लिहायचा.
तिच्यावरून सगळ्यांचे पैसे चुकते झाले.

मी बोलत बोलत काम करत होते:
जागं होण्याची ओळ दोन्ही डिस्कवर लिहावी लागते.
बरेच जण पहिलीवरच लिहितात.
मग पहिली गेली की दुसरीकडे सगळं असतं,
फक्त उठायचं कसं, ते ठाऊक नसतं.
बेल्मिरू यावर काही बोलला नाही.
मार्चपासून तो जेवायला बहिणीकडे जातो.

शून्य पूर्णांक चार टक्के.
बाकी चारशे बारा मिनिटं.
त्याने पिशवीतून वही काढली.
पानांना अजून पिठाचा वास.
आकड्यांच्या बाजूला, समासात, बारीक पेन्सिल:

*कार्मु, अठरा लिटर. पाणी आहे. पोरं पाच. अठराच धर.*
*जुवेनाल, शून्य. गाय गेली. विचारू नये.*
*वादळ. कुणी आलं नाही. मी आलो.*

हे पहिल्या वहीत होतं?
"तिच्यात कशाला? ती कचेरीची."

माझा आरसा असलं काही करत नाही.
चूक लिहा, दोघी चुकतात.
पुसा, दोघींकडून पुसलं जातं,
त्याच क्षणी, एका शब्दाने न विचारता.
म्हणून तिसरी प्रत हवी, मी म्हटलं, लांब, वेलाशला,
एक दिवस उशिराने चालणारी.
"ठेव की," तो म्हणाला. "पण लिहिणार कोण?"

रात्री पावणेदोनला शंभर झाले.
मी लाल डिस्क ओढून काढली, चालू यंत्रातून.
बेल्मिरूने छातीवर क्रूस काढला.
पडद्यावर दोन अक्षरांच्या जागी
एक अक्षर आणि एक रेघ.
पंखा थांबला नाही.
कालचं दूध विचारलं, त्याने सांगितलं:
चार हजार दोनशे सहा.

लाल परत बसवली. ती पुन्हा पहिल्यापासून शिकू लागली.
तेवढ्यात मी तक्त्यात एक रकाना वाढवला,
शेरा, दोनशे पंचावन्न अक्षरं.
"पुष्कळ झालं," तो म्हणाला,
"समास याहून अरुंद होता."

पहिली नोंद काय करू?
त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.
"आज काही नाही. रिकामाच राहू दे.
पण दोन्हीकडे."