बुधवारची पेठ फेरी

तीन महिन्यांची साखर : आठ पूर्णांक एक.
डॉक्टरीणबाई विचारतात, जेवता कधी?
म्हटलं, गाडी थांबेल तेव्हा.
त्या हसल्या नाहीत.

कालचं आठवून बघते :
पहाटे जुन्या सीबीएसला चहा, दोन खारी.
करंजाळीला वडापाव, ड्रायव्हर शेवाळेंनी दोन घेतले म्हणून.
पेठला परत चहा, चमचा उभा राहील असा.
परतीला कुणाच्या तरी बारशाचा पेढा,
नाही कसं म्हणायचं पॅसेंजरला.
आणि डबा?
डबा बॅगेत. तिकिटाच्या मशीनखाली. तसाच.
सतरा वर्षं मी पोळीभाजी पेठला नेऊन परत आणते,
तिचं तिकीट फाडलं असतं
तर महामंडळ कधीच नफ्यात आलं असतं.

त्या म्हणाल्या, मोडाची मटकी खा,
तर्री नको, फरसाण नको, पाव तर नकोच.
म्हणजे मिसळीतून मिसळ तेवढी काढून ठेवा.
आणि नागली, त्या म्हणाल्या. नागली चांगली.

कॉलेज रोडच्या दुकानात नागलीची बिस्किटं बघितली.
एकशे ऐंशी रुपये. पाकिटावर डोंगर, डोंगरावर सूर्य.
पाकीट खाली ठेवलं.
तसल्या डोंगराखालून मी आठवड्याला सहा दिवस जाते.

बुधवारी पार्वता भोये चढली, डोक्यावर पोतं.
गंगेवरच्या बाजाराला दर बुधवारी जाते,
बसायची जागाही ठरलेली, दाराजवळची.
विचारलं, नागली काय भाव?
तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं :
तुला कशाला? तू तर वडापाववाली.

दोन किलो घेतली.
पहिली भाकरी तव्यावर नकाशासारखी फाटली.
दुसरी त्याहून वाईट. नवरा म्हणाला, काळी का?
सासऱ्यांनी मात्र दुधात कुस्करून खाल्ली, बोलले नाहीत.
पुढच्या बुधवारी पार्वताला सांगितलं तर म्हणाली,
पाणी उकळव आधी. पीठ त्यात टाक.
गरम आहे तोवर मळ.
हात भाजंल. भाजू दे.

भाजला.
पण भाकरी फुगली, एका कडेला का होईना.

संध्याकाळच्या फेरीला तीच पार्वता,
तेच पोतं, आता हलकं.
तोंडातून डोकावणारे टोस्टचे पुडे,
नूडल्सची पिवळी पाकिटं, दोन डझन तरी,
लाल सरबताची बाटली.
माझी नजर गेली, तिनं पदर टाकला वर.
मग काढूनही घेतला.
नातवंडं नागली बघितली की तोंड फिरवतात, म्हणाली.
काळी भाकर नेली तर शाळेत हसतात पोरं.
मी त्या पाकिटांचा हिशोब करायला लागले मनात,
कंडक्टरला खोड असते. मध्येच सोडला.

घाटात टायर बसला.
शेवाळे जॅक घेऊन खाली,
माणसं रस्त्याकडेला, बिड्या पेटल्या.
मी सीटवर डबा उघडला.
पहिल्यांदाच डबा बाहेरगावी उघडला गेला, असं वाटलं.
नागलीची भाकरी, मेथी, लसणीचा ठेचा.
अर्धी मोडून तिच्याकडे केली.
तिनं बोटांनी दाबून बघितली आधी,
दुकानदार नोट बघतो तशी.
मग खाल्ली. हळूहळू.
मीठ कमी, म्हणाली.
थोड्या वेळानं : माझीच आहे ना ही?
तुझीच.

मग पोत्यातून टोस्टचा पुडा काढला,
दातानं फोडला,
एक माझ्यापुढे धरला. तळहातावर पीठ होतं अजून.
आठ पूर्णांक एक.
मी घेतला.
अर्धा.
उरलेला कागदात गुंडाळून बॅगेत ठेवला,
डब्याच्या रिकाम्या जागेत.

टायर बसवून शेवाळे आले, हात काळे.
आमच्यासाठी काही ठेवलं का?
ठेचा आहे, म्हटलं.
आणि घंटी मारली.