निर्लेखन

जडसंग्रह नोंदवही, पान सात.
रेडिओ संच एक, रुपये एकशे चाळीस.
बंद. कारण : घुशीनं वायर खाल्ली.
(सांगली केंद्र लागलं की
सगळा वर्ग त्याच्याकडं तोंड करून बसायचा
आणि मी बाजूला उभा, उगाच.)

चित्रपट्टीचा प्रोजेक्टर विजेच्या आधी आला,
वीज आली तोवर बल्ब गेला होता.
रंगीत टीव्ही. संगणक दोन, माऊस एक.
टॅब सहा. चार्जर कुठं गेले, माहीत नाही.

अधूनमधून जतला प्रशिक्षण.
आधी म्हणाले, मूल म्हणजे कोरी पाटी, लिहा.
पुढं म्हणाले, पाटी नाही, ते स्वतःच रचतं.
मग मे महिनाभर फरशीवर ओणवा होऊन
ऑइलपेंटनं शंभरपर्यंतची घरं काढली.
गुडघे अजून बोलतात.

पंच म्हणून सहीला आली मल्लव्वा बिरादार,
समितीची अध्यक्ष.
यादीवरनं बोट खाली खाली नेलं तिनं.
"गुरुजी, फोक नाही ह्यात."

नाही. ती कधी खरेदीच झाली नव्हती.
ओढ्याकाठची निरगुडी, फुकट.
एवढ्या वर्षांत एकदा बिघडली नाही.
ही पोर मोजायची ओंदु, एरडु,
आणि मी एक, दोन
तिच्या तळव्यावर.

अनुक्रमांक टाकला. वस्तूचं नाव लिहिलं.
'कोणाकडून प्राप्त' इथं पेन थांबलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "संखची गाडी जाईल माझी."
आणि दाखवलं तिथं सही केली,
सावकाश, कन्नडमध्ये.