शाईचं वजन

चौदा चेंडू. टेबल टेनिसचे असतात तसले,
पोकळ, पांढरे, पोटावर आकडा.
माझं काम एवढंच :
काचपेटीतल्या काट्यावर एकेक ठेवायचा,
झडप लावायची, दम धरायचा
कारण त्या काट्याला माणसाचा श्वासही कळतो,
आणि भरेल ते वजन वहीत उतरवायचं.

एकच्या चेंडूपेक्षा आठचा
दोन मिलिग्रॅम जड भरला.
शाई. इंग्रजी आठाला दोन गोल लागतात,
एकाला नुसती काठी.
रोनेलला दाखवलं. म्हणाला, मर्यादेत आहे, सही कर.
मर्यादेत होतंच. केली सही.

रात्री मनामाच्या हॉटेलात, वारा फुंकणाऱ्या पिंपात
माझे चेंडू लाह्यांसारखे उडाले.
पुढच्या रांगेत तो पोरगा, एकोणीस वर्षांचा,
प्रत्येक दारातून वाकून शिरणारा,
कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.
ज्याच्यासाठी हे सगळं, त्यालाच पिंपाकडे बघवत नव्हतं.
वर्षभर हरलेल्या संघाच्या नावावर हजारात अडीचशे जुळण्या
(मुद्दाम हरले, असंही लोक म्हणत होते)
आणि ज्यांच्या मालकाचं नाव नव्या पुलाच्या पाटीवर आहे
त्यांच्या नावावर सतरा.

तीन. अकरा. आठ. चौदा.
सतरांतली एक निघाली.
टाळ्या जरा उशिरा आल्या.

सकाळी पिकअपमध्ये गुलरेझने काच वर केली,
रेडिओ बंद केला, विचारलं, किती मिळाले?
मी हसलो. तोही हसला.
पण सलमाबादच्या सिग्नलपर्यंत
उत्तराची वाट बघत राहिला.
दोन मिलिग्रॅमचं मी कुणाला सांगितलं नाही.
खरं सांगायला गेलो असतो तर
तेच कबुलीजबाबासारखं ऐकू आलं असतं.

आमच्या खोलीत भिशी आहे. बारा खाटा, तीस दिनार.
गावाकडे चिठ्ठी लहान पोर उचलतं,
त्याला कुणाची नड ठाऊक नसते म्हणून.
कॅम्पात पोर कुठून आणायचं?
मग इसाक परकार खेडला व्हिडिओ कॉल लावतो
आणि त्याची अफरीन खाटेचा नंबर सांगते.

पहिल्या महिन्यात ती म्हणाली, पाच.
पाच नंबरची खाट परकारची.
बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं त्याच्या.
कुणी काही बोललं नाही.
फक्त त्याच्या वाटणीचं पाणी
चहाच्या आधणातून कमी झालं.
मीही बोललो नाही. माझ्या डोक्यात
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि मला
स्पष्ट दिसत होतं, पढवलेलं पोर कसं बोलतं.

या शुक्रवारी कॉल लागला तेव्हा
परकारने फोन हातात धरलाच नाही.
कपाटाला टेकवला आणि स्वतः
दाराबाहेर चपलांच्या ढिगात जाऊन उभा राहिला.
पडद्यावर अफरीन, पुढचा एक दात पडलेला.
"अब्बा, आज कुठला सांगू?"

एसीची घरघर तेवढी.
खोलीने दम धरला. तो कसा धरतात
ते माझ्याइतकं कुणाला माहीत?
परकार बाहेरून बोलेना.
शेवटी मीच म्हणालो, तुला आवडेल तो सांग गो बाय.

"आठ," ती म्हणाली. "मला आठ काढता येतो."
आणि वही वर धरली.
तिचा आठ आपला, मराठीतला,
एक वळण, एक शेपूट.
शाई जवळजवळ लागतच नाही.

आठ नंबरच्या खाटेवर मी बसलो होतो.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
परकारही, दारातून.