पुलाचा वरचा मजला

रविवारी नको, अबीलियु.
रविवारी पुलावर माणसांपेक्षा फोन जास्त,
हात लांब करून जो तो स्वतःकडेच बघत उभा.
मंगळवारी जाऊ, सकाळी साडेआठला.
कामावर जाणारे गेलेले असतील
आणि हॉटेलांतले पाहुणे अजून पावाला लोणी लावत असतील.

माझ्या गुडघ्याची ती पोरगी म्हणते,
"शाबास, दोना एर्मेलिंदा!
आता चारशे मीटर सपाट चाला, मग बघू."
चारशे मीटर सपाट!
या पोर्तूत, जिथं पाव आणायला जाताना चढ
आणि परत येताना, का कोण जाणे, पुन्हा चढच.
मी नकाशावर दोरा ठेवून मोजलं.
सबंध गावात एवढं सपाट एकच,
दोन डोंगरांच्या मध्ये, हवेत.

तुझं ठाऊक आहे मला.
एकेचाळीस वर्षं तू खालच्या मजल्यावरून गेलास,
डबा काखेत, पलीकडे गायाच्या वखारीत पिंपं ठोकायला,
आणि एकेचाळीस वर्षं तिथूनच आलास
अंगाला ओल्या लाकडाचा आणि वाइनचा वास घेऊन.
वर बघायचास तेही टोपी धरून.
"वर काय आहे? खाली आहे तेच, लांबून."
झालं, विषय संपला.
भितोस असं मी म्हणत नाही. तू म्हण.

तर ऐक, पावतीच्या पाठीवर सगळं लिहून काढलंय.
बाताल्यापर्यंत बस.
चालायचं समुद्राकडच्या कठड्यानं, वारा असला तरी.
मधून मेट्रो जाते, चोरपावलांनी येते
आणि अगदी जवळ आली की घंटा वाजवते.
दचकू नकोस. दचकलास तर माझ्या अंगावर दचक,
कठड्याकडे नको.
पहिली शंभर पावलं खाली बघायचं नाही,
माझ्या हिरव्या कोटाकडे बघ.
छत्री नको. खिशात दोन संत्री.
सालं खाली टाकायची नाहीत, खाली माणसं असतात.

आणि मध्यावर थांबायचं.

बाबा पुलाला रंग द्यायचे ते आठवतं का तुला?
कमरेला दोर, दोराला डबा,
जेवताना नखांत राखाडी.
म्हणायचे, वरून आपली खिडकी
अंगठ्याच्या नखाएवढी.
आई चादरी वाळत घालते तेव्हा
नख पांढरं होतं.
तू सहा वर्षांचा. मला दाखवा म्हणून रडलास.
म्हणाले, मोठा झालास की.

मग तो फेब्रुवारी.
त्यानंतर आईनं खिडकीबाहेर
कधी काही वाळत घातलं नाही.
आतच, खुर्च्यांवर.
आपण ओल्या चादरींच्या मधून वाट काढत शाळेला जायचो
आणि कुणी काही विचारायचं नाही.

घर विकलं, हो. मला माहीत आहे.
आता तिथं रात्रीच्या भाड्यानं खोल्या देतात,
दाराला किल्ली नाही, आकडे दाबायचे.
पण खिडकी आहे.
मी परवा खालून जाऊन बघून आले,
तिसरा मजला, निळ्या फरशांच्या शेजारी,
कुणाचा तरी लाल टॉवेल वाऱ्यावर.

नदी नाही रे बघायची मला, नदी रोजचीच.
मला एवढंच बघायचंय
की नख पुरतं का.

वारा फार असला तर बुधवारी.
धुकं असलं तर गुरुवारी,
नाही, गुरुवारी तुझा डोळ्यांचा डॉक्टर, शुक्रवारी.
पण सोमवारी रात्री फोन करून
पाठ धरलीय म्हणू नकोस.
पलीकडे बागेत बसू, कॉफी माझ्याकडून.
परत येताना खालून येऊ, हवं तर.

आणि टोपी घरी ठेव.
वर ती धरायला तुझा हात मोकळा नसेल.
एक माझ्या हातात,
आणि दुसऱ्याचा अंगठा लागणार आहे.