बोजारा

उद्या पोळा, परवा तान्हा पोळा,
आणि हिंगणघाटच्या बाजारात मी
बाबांना काय न्यावं म्हणून तासभर फिरते आहे.

घड्याळ नको. मागल्या दिवाळीला दिलं होतं,
मोठ्या आकड्यांचं. ते त्यांनी ज्वारीच्या कोठीत नेऊन पुरलं.
"लय टिकटिक करते बापा, निजू दे त्याले."
अजून चालू असेल तिथे.

सदरा नको. बटणांशी त्यांचं भांडण आहे.

भावाने आल्बम आणला होता.
बाबा पानं उलटत गेले, अदबीने,
दुसऱ्याच्या घरचं लग्न पाहावं तसे.
एका फोटोवर थांबून म्हणाले, "बाई सोज्वळ दिसते."
आणि मागे चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या आईने
पदर नीट केला.

लाकडी बैलांच्या दुकानात
बेगडी शिंगं, चाकांवरचे पाय.
"कितीचं?" दुकानदार पोराचं वय विचारत होता बहुतेक.
"एक्क्याऐंशी."
"एक्क्याऐंशीत नाही परवडत ताई, शंभर द्या."
मी हसले, आणि बैल परत ठेवला.
बाबांना पोरगं करायला जीव धजला नाही.

इथल्याच यार्डात ते मापाडी होते, चाळीस वर्षं.
तान्ह्या पोळ्याला ओसरीवर बसायचे,
खिसा चिल्लरने लोंबलेला,
पोट्टे बैल ओढत यायचे, आणि बाबा
आधी बैलाच्या पाया पडायचे, मग बोजारा.
ज्याच्या बैलाचं चाक निघालं असेल त्याला रुपया जास्तीचा,
दवापाण्याचा.

तेव्हा चिल्लरच न्यावी.
पण चिल्लर आहे कुणाकडे?
चहावाल्याने स्कॅनरचा कागद दाखवला.
कंडक्टर म्हणाला, मलाच द्या की.
शेवटी शेंगा विकणाऱ्या एका बाईने
दोनशेची नोट घेऊन एकशे नव्वद मोजून दिले,
दहा तिच्या मेहनतीचे. बरोबरच होतं तिचं.
आईने जुन्या खाकी सदऱ्याचा खिसा उसवून बटवा शिवला,
नाडीचा.

तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी
शेजारचा त्रिजल आला पहिला, पुठ्ठ्याचा बैल घेऊन.
बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे.
मी बटवा त्यांच्या मांडीवर ठेवला.
नाडी कशी सोडायची हे बोटांना ठाऊक होतं.
नाणी चटईवर ओतली आणि एक एक सरकवत
आवाज यार्डातला:

"लाभ.
दोन.
तीन."

एक नाही म्हणत मापाडी. पहिलं माप लाभ.
सातापर्यंत गेले, अडकले, पुन्हा लाभ.
मग सगळा ढीग त्रिजलच्या ओंजळीत.
मागे रांगेतली पोरगी रडायला लागली.

त्यानंतर आईने स्वयंपाकघरात पेढी उघडली.
मागच्या दाराने पोट्टे नाणी आणून देत,
आई दहाची नोट आणि एक करंजी देई,
आणि मी नाणी पुन्हा बटव्यात.
तेच पैसे चारदा वाटले बाबांनी.
थकले नाहीत. पोळी खायला मात्र उठवावं लागलं.

दिवा लावताना त्यांनी मला थांबवलं.
"तुया बैल कुठी हाय व पोरी?"

चाक निघालं त्याचं, मी म्हटलं.

ते बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत होते.
मग बटव्यात चाचपून तीन रुपये दिले,
एकेक, तळहातावर दाबून.
मोजले नाहीत.

सकाळी बटवा सापडेना.
मी कोठीत हात घातला, ज्वारी कोपरापर्यंत.
आधी घड्याळ लागलं बोटांना.