ती दुसरी

धारूरच्या घाटात, तिसऱ्या वळणाखाली,
पौषातल्या उन्हात मी दोन झुडपांच्या मध्ये बसलोय.
हातात भिंग, खिशात सहा इंचाची पट्टी,
कागदावर आखलेले दोन रकाने.

डावीकडची कमरेएवढी, राखाडी.
पान चवलीएवढं गोल; पालथं केलं की लव,
घोंगडीच्या आतल्या बाजूसारखी.
काटे जोडीनं. एक सरळ, एक वाकडा.
सरळ टोचतो.
वाकडा, हात मागे घेताना विचारतो, कुठं निघालास?

उजवीकडची स्वतः उभी राहत नाही,
हिवराच्या अंगावर चढून बसलीय.
पानाला टोक, आणि देठापाशी दोन बाजू खालीवर,
शिंप्यानं घाईत बेतलेल्या गळ्यासारख्या.
काटा एकटाच, तोही वाकडा.
फळ काळं, चकचकीत, आपल्याकडे बघणारं.
डावीकडचं लाल, आधीच सुरकुतलेलं.

सोजरबाई मस्के शेळ्या घेऊन येते,
बराच वेळ माझ्या भिंगाकडे बघते.
"ह्यातनं चव दिसती का?"
नाही म्हणतो.
"मग कामून बघाय लागलास?"

लाल ती चनी, ती सांगते.
पाला झोडून शेळ्यांना, फांद्या कुपाटीला,
बोरं वाळवून, कुटून, मीठ लावून
नातीच्या दप्तरात.
आणि काळी?
सोजरबाई काठी या हातातून त्या हातात घेते.
"काळीला आमच्यात नाव न्हाई.
माय तिला 'ती दुसरी' म्हणायची."

मी उजव्या रकान्यात लिहितो: ती दुसरी.
वर लॅटिन नाव आहेच. खोडत मात्र काहीच नाही.

मग ती ओढ्याकाठचं तिसरं झुडूप दाखवते.
काटे जोडीनं, पान टोकदार,
बोरं अजून हिरवी.
पट्टी लावतो. भिंग लावतो. पुन्हा पट्टी.
"हे कुणाचं?"
"शेळीला इचार," ती म्हणते आणि पुढं निघते.
शेळी तिन्ही खाऊन कधीच पांगलेली.

बाहीतला काटा काढता काढता दुपारची एसटी चुकते.

संध्याकाळच्या गाडीत, खिडकीशी,
खिशातली लाल-काळी एकत्रच तोंडात टाकतो.
आंबट, तुरट, गर नावापुरता.
केज येईस्तोवर तळहातावर अकरा बिया.
भिंग पिशवीच्या तळाशी,
पिशवीवर शेजारणीचं गाठोडं, गाठोड्यावर तिचं झोपलेलं पोर.
एकेक बी बोटात फिरवून बघतो,
ही हिची, ही...

कंडक्टर दिवा घालवतो.