उजव्या कोपऱ्यातला माणूस

मला फोटोग्राफीची आवड वगैरे नव्हती.
बुसानहून परतलो की
आठवडाभर रात्री अडीचला डोळे टक्क उघडे.
तिकडे सहा वाजलेले असतात.
शरीर तिथल्या हॉटेलात उठून
चहाची पुडी फाडत असतं
आणि इथे मारुती मंदिराच्या चौकात
एक कुत्रंही भुंकायला तयार नसतं.

निमकर मेडिकलवाला म्हणाला, जागाच असतोस
तर चल आमच्याबरोबर रविवारी.
जुना कॅमेरा दिला त्याने. लेन्सला आतून
बुरशीची बारीक नक्षी,
रत्नागिरीतल्या कुठल्याही काचेला
तिसऱ्या पावसाळ्यात येते तशी.
"माणसांना बरी पडते," म्हणाला, "सगळे तरुण दिसतात."

मी म्हाकूल विकतो.
उणे अठरा अंशांवर, दहा किलोच्या खोक्यांत.
वर्षातून चारदा जातो.
काय काय पाहिलंस, लोक विचारतात.
शीतगृह पाहिलं. न उघडणारी खिडकी पाहिली.
श्रीयुत ह्वांग यांचं थर्मामीटर पाहिलं,
ते खोक्यात खुपसून
ते जेवढा वेळ काही बोलत नाहीत
तेवढा वेळ.
हॉटेलच्या मागे समुद्र होता म्हणतात.

रविवारी पाचला भाट्याच्या पुलाखाली जमायचो:
निमकर, विम्यातल्या खातू बाई,
आणि पंक्चर काढणारा सिराज होडेकर,
ज्याला खाडीतला प्रत्येक खडक
कितव्या तासाला बुडतो ते पाठ.
बाई पक्ष्यांशी बोलत फोटो काढतात:
हं, मान वळव, शहाणा तो,
जणू पॉलिसीवर सही घ्यायचीय.
माझं क्षितिज नेहमी कलतं यायचं.
"पाणी सांडेल, साहेब," सिराज म्हणायचा.

डिसेंबरातला एक रविवार. ओहोटी.
तुताऱ्या चिखलात टोचे मारत होत्या
शिलाई मशीन चालावं तशा.
तिसऱ्या काढणाऱ्या बाया कंबरेत वाकलेल्या.
मी श्वास रोखला, बोट बटणावर,
आणि फोन.
रविवार ह्वांगनाही असतो, कंटेनरला नसतो.
एक खोकं उणे अकरा निघालं होतं.
बोलत चालू लागलो,
येस सर, शुअर सर, डेटा लॉगर पाठवतो सर,
रेंज मिळेल तिकडे, पुढे, आणखी पुढे,
वाळूच्या दांड्याच्या टोकापर्यंत.
किती टक्के सूट, यावर अडलं.
मागून एक बाई ओरडली,
"ओ कॅमेरेवालं, पानी चढताय, वाइच वर सरका!"
मला वाटलं, दुसऱ्या कुणाला.

चार टक्क्यांवर मिटलं.
बूट तीन दिवस गच्चीत, कडांना मिठाची रेघ.

मग खातू बाईंनी फोटो दाखवला.
समुद्री गरुड, पंख पूर्ण पसरलेले,
पायात मासा, माशाच्या शेपटीवरून गळणारा थेंबही टिपलेला.
आणि खाली, उजव्या कोपऱ्यात,
गुडघाभर पाण्यात एक माणूस.
फोन कानाला. गळ्यात कॅमेरा उलटा लोंबतोय.
कमरेतून थोडा वाकलाय,
तिकडे माफी मागताना वाकतात तसा,
फोनवर कोण बघणार होतं?
पक्षी त्याच्या डोक्यावरून जेमतेम वीस फूट.

"कापू का तुम्हाला? फ्रेम स्वच्छ होईल."
राहू दे, म्हणालो.

प्रदर्शनात दुसरा नंबर आला त्याला.
एका शाळकरी पोरीने विचारलं,
हे काका वर का नाही बघत?
सिराज भिंतीवरचा खिळा ठोकत होता.
"ते काका? ते तेव्हा बुसानला होते."

पुढच्या खेपेला मी हॉटेलच्या मागे गेलो.
समुद्र होता खरंच.
राखाडी, शांत, काठाशी सिमेंटचे ठोकळे.
कॅमेरा घरी, तांदळाच्या डब्यात.
बराच वेळ उभा राहिलो कडेला.
पाणी चढतंय की उतरतंय
ते कुणाला विचारावं, कळेना.